माध्यमं समाज बदलतात का? सिद्धांत एकमेकांना खोडून काढतात, मग मानायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. माध्यमांच्या परिणामांवरचे सिद्धांत वाचायला घेतले की एक जण म्हणतो माध्यमं सर्वशक्तिमान आहेत, दुसरा म्हणतो त्यांचा परिणाम नगण्य आहे, तिसरा म्हणतो प्रेक्षक हवा तो अर्थ काढून मोकळा होतो. यातलं खरं कोणतं? माध्यमांमुळे समाज बदलतो की बदललेल्या समाजामागून माध्यमं येतात? आणि सगळं मोबाइलवर आल्यापासून हे जुने सिद्धांत काही कामाचे उरलेत का?

माझं काम सामाजिक मोहिमांच्या मूल्यमापनाचं. कुणी रेडिओ मालिका काढतं, कुणी जाहिरातींची मोहीम चालवतं, आणि त्याने नेमका काय फरक पडला हे शोधायला आम्हाला बोलावतात. त्यामुळे माझं उत्तर परीक्षेत लिहायच्या उत्तरापेक्षा जरा वेगळं असेल. सिद्धांताकडे मी एकाच नजरेने बघते: हा घेऊन उद्या सर्वेक्षणाची प्रश्नावली करायला बसले, तर हा मला काय विचारायला लावेल?

माझं मत आधीच सांगून टाकते. माध्यमं माणसाचं स्वतःचं मत फार क्वचित बदलतात, आणि बदललं तरी फार सावकाश. पण इतर लोक काय मानतात, काय करतात, काय खपवून घेतात, याबद्दलचा त्याचा अंदाज ती पुष्कळ बदलतात, कधी कधी एका रात्रीत. समाज हलतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या वाटेने. हे धरून चाललं तर एकमेकांचे वैरी वाटणारे बरेच सिद्धांत एकच गोष्ट सांगताना दिसतात. जे उरतात ते मुळात वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतात.

आता पाठ्यपुस्तकातल्या तीन अंकी गोष्टीकडे येऊ. पहिल्या अंकात ‘जादुई गोळी’: संदेश सुटला की थेट मेंदूत. दुसऱ्या अंकात ‘मर्यादित परिणाम’. तिसऱ्यात पुन्हा प्रबळ माध्यमं. उत्तरपत्रिकेला हे सोयीचं असेल, पण पहिला अंक जवळजवळ कुणी लिहिलेलाच नाही. पहिल्या महायुद्धातल्या प्रचारावर १९२७ मध्ये लिहिणाऱ्या हॅरल्ड लासवेल यांना प्रचाराच्या ताकदीची धास्ती जरूर होती, पण सगळे प्रेक्षक सारखेच आणि असहाय असतात असा सिद्धांत त्यांनी मांडलेला नाही. ते लेबल नंतरच्यांनी आधीच्यांना चिकटवलं. स्वतःचा शोध उठून दिसावा म्हणून असं करायची सवय आमच्या क्षेत्राला जुनीच आहे.

पुरावा म्हणून ३० ऑक्टोबर १९३८ ची रात्र नेहमी पुढे केली जाते. अमेरिकेत सीबीएस रेडिओवर ऑर्सन वेल्स यांनी मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नभोनाट्य बातमीपत्राच्या थाटात सादर केलं आणि देशभर पळापळ झाली, अशी ती कथा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ती चवीने छापली. रेडिओ तेव्हा त्यांच्या जाहिराती पळवत होता. रेडिओ किती बेजबाबदार आहे हे दाखवण्यात त्यांचा फायदाच होता. त्याच रात्री सुमारे पाच हजार घरांत फोन करून झालेल्या श्रोता-पाहणीत जेमतेम दोन टक्के घरांनी ते नाटक ऐकत असल्याचं सांगितलं होतं. हॅडली कॅन्ट्रिल यांचा यावरचा अभ्यास १९४० मध्ये आला. त्यात १३५ जणांच्या सविस्तर मुलाखती आहेत, आणि त्यातले शंभराहून अधिक जण घाबरले होते म्हणूनच निवडलेले होते. गंमत अशी की खुद्द या अभ्यासाचा निष्कर्ष गोळीच्या बाजूने नाही. कुणी दुसरं स्टेशन लावून खातरजमा केली आणि सावरलं, कुणी केलीच नाही. शिक्षण, चिकित्सक वृत्ती, त्या क्षणीची मनःस्थिती यांवर सगळं ठरलं. घबराटीची कथा मात्र अजून सांगितली जाते, कारण ‘लोक भोळे असतात’ हे ऐकायला आपल्याला आवडतं. त्या ‘लोकां’त सांगणारा स्वतःला कधी धरत नाही. १९८३ मध्ये फिलिप्स डेव्हिसन यांनी या वृत्तीवर लिहिलं: माध्यमांचा परिणाम माझ्यावर कमी होतो, इतरांवर जास्त, असं बहुतेकांना वाटतं. अमुक गोष्टीवर बंदी घाला म्हणून जी मागणी होते, तिच्या मुळाशी अनेकदा हेच गृहीत असतं.

दुसऱ्या अंकाला मात्र भक्कम आधार आहे. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठून विचारलं. रेडिओ आणि वर्तमानपत्रांतल्या प्रचाराने माणसं इकडची तिकडे जातील अशी अपेक्षा होती. गेली ती अगदी थोडी. बहुतेकांची आधीचीच बाजू पक्की झाली, आणि ज्यांनी मन बदललं ते प्रचाराऐवजी ओळखीच्या माणसांचं नाव जास्त घेत होते. यातून द्विस्तरीय प्रवाहाची कल्पना आली: माध्यमांकडून मतप्रवर्तकांकडे, म्हणजे ज्यांचं आसपासचे लोक ऐकतात त्यांच्याकडे, आणि त्यांच्याकडून बाकीच्यांकडे. शेतीच्या अभ्यासात हेच एका वेगळ्या दाराने आलं. आयोवातल्या २५९ शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला हे ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये छापलं. दोघे वगळता सगळ्यांनी तो स्वीकारला होता. बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती. पेरायचं ठरलं ते शेजाऱ्याचं शेत बघून. एव्हरेट रॉजर्स यांचा १९६२ चा नवकल्पना-प्रसाराचा प्रसिद्ध आराखडा याच पायावर उभा आहे.

पण इथे एक गफलत होते. मत बदललं नाही म्हणजे परिणाम झाला नाही, असं जोसेफ क्लॅपर यांच्या १९६० च्या मांडणीनंतर (माध्यमं मुख्यतः आधीचंच मत पक्कं करतात, ही ती मांडणी) अनेक जण धरून चालले. मत बदलणं हा परिणामाचा एकच प्रकार झाला. मॅक्सवेल मॅकूम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या चॅपेल हिल इथल्या कुंपणावरच्या शंभर मतदारांना देशापुढचे मोठे प्रश्न कोणते ते विचारलं आणि ते उत्तर माध्यमांनी कोणत्या प्रश्नांना किती जागा दिली याच्याशी ताडून पाहिलं. सहसंबंध ०.९७ च्या आसपास निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). हाच अजेंडा-सेटिंगचा सिद्धांत. त्यावर रास्त शंका होती की कोंबडी आधी की अंडं: कदाचित लोकांना जे महत्त्वाचं वाटतं तेच माध्यमं छापत असतील. ती शंतो इयेंगर आणि डोनाल्ड किंडर यांच्या प्रयोगांनी बरीचशी मिटवली. त्यांनी टीव्हीच्या बातमीपत्रांत काही बातम्या गुपचूप घुसवून माणसांना रोज दाखवल्या. देशाच्या संरक्षणसज्जतेतल्या उणिवांवरच्या बातम्या पाहिलेल्या गटात तो प्रश्न आठांच्या यादीत सहाव्यावरून दुसऱ्यावर आला. काही दिवसांत. संरक्षणाबद्दल नवं मत कुणी शिकवलेलं नव्हतं.

इयेंगर यांचं पुढचं काम माझ्या धंद्याला जास्त झोंबणारं आहे. १९९१ मध्ये त्यांनी गरिबीच्या बातम्यांची दोन मांडणींत तुलना केली. एकीत एका माणसाची कहाणी, दुसरीत आकडेवारी, धोरणं, रोजगाराची स्थिती. एका माणसाची कहाणी पाहिलेल्यांनी गरिबीची जबाबदारी त्या माणसावरच जास्त टाकली. मोहीम चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक संस्थेला ‘काळजाला भिडणारी एक गोष्ट’ हवी असते. देणग्या मिळवायला ती ठीक. पण व्यवस्था बदलावी असं लोकांना वाटायला हवं असेल तर ती गोष्ट उलटी फिरू शकते, हे सांगितलं की बैठकीत शांतता पसरते आणि मग पोस्टरवर पुन्हा तोच एक चेहरा छापला जातो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे. रवांडा या एका देशात रेडिओचे दोन्ही टोकांचे अनुभव आहेत आणि दोन्हींचा नीट अभ्यास झालेला आहे, म्हणून मी कायम तिथूनच समजावते.

१९९४ चा नरसंहार. १९९३ मध्ये सुरू झालेलं आरटीएलएम हे स्टेशन तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य गटाविरुद्ध द्वेष ओकत होतं. रेडिओनेच हे घडवलं, असं तेव्हापासून म्हटलं जातं. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी २०१४ मध्ये एक चतुर पद्धत वापरली. देश डोंगराळ आहे, काही गावांत सिग्नल पोचायचा आणि शेजारच्या गावात मधल्या टेकडीमुळे पोचत नसे. त्या फरकावरून त्यांनी काढलेला अंदाज असा की एकूण हिंसेतल्या सहभागापैकी साधारण दहा टक्के या प्रसारणाकडे जातो. स्कॉट स्ट्रॉस यांनी त्याआधी गुन्हेगारांशीच बोलून काढलेला निष्कर्ष आणखी सावध होता: बहुतेकांना घराबाहेर काढलं ते समोर येऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी, गटांनी, स्थानिक अधिकाऱ्यांनी; रेडिओचा वाटा होता, पण तो अटींवर अवलंबून होता. दहा टक्के कमी की जास्त? बळींची संख्या लाखांत असताना दहा टक्के ही भयानक गोष्ट आहे. पण ‘रेडिओने केलं’ म्हणून बाकीच्या नव्वद टक्क्यांना मोकळं सोडणं हाही अन्यायच.

त्याच देशात २००४ मध्ये सलोख्यावरची ‘मुसेकेवेया’ ही रेडिओ मालिका सुरू झाली. एलिझाबेथ लेव्ही पलक यांनी त्यावर प्रयोग केला. काही वस्त्यांतल्या लोकांनी वर्षभर एकत्र बसून ही मालिका ऐकली, तशाच दुसऱ्या वस्त्यांतल्या लोकांनी आरोग्यावरची मालिका ऐकली. वर्ष संपल्यावर विचारलं तर दोन्ही गटांच्या वैयक्तिक समजुतींत फारसा फरक नव्हता. आंतरगटीय लग्नांमुळे शांतता नांदते का, असल्या प्रश्नांवर उत्तरं जवळपास सारखीच. फरक पडला तो ‘आपल्यात कसं वागायची रीत आहे’ याबद्दलच्या उत्तरांत: आपल्या मुलांना फक्त आपल्याच गटात लग्न करायला सांगावं का, मतभेद असेल तर उघड बोलावं का, शेजाऱ्यावर भरवसा ठेवणं भोळेपणाचं आहे का.

आणि मग ती कॅसेट प्लेअरची गोष्ट. शेवटच्या दिवशी संशोधकांनी प्रत्येक गटाला एक कॅसेट प्लेअर आणि मालिकेच्या कॅसेट भेट दिल्या आणि हे आता कसं वाटून घेणार यावरची चर्चा गुपचूप टिपून घेतली. आरोग्य-मालिकेच्या गटांत साधारण असं झालं की कुणीतरी म्हणालं, हे इथल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात देऊ, आणि विषय मिटला. सलोख्याच्या मालिकेच्या गटांत लोक त्यावर वाद घालू लागले: अधिकाऱ्याकडे का, आपणच मिळून सांभाळू, बॅटऱ्यांचं आपण बघू. मालिकेने त्यांना काय पटवलं होतं? काहीच नाही, निदान प्रश्नावलीत दिसेल असं काही नाही. पण चारचौघांत अधिकाऱ्याच्या नावाला हरकत घेतली तर आपण एकटे पडणार नाही, हा अंदाज बदलला होता. सगळ्यांनी एकत्र बसून ऐकलं होतं, त्यामुळे शेजाऱ्यानेही तेच ऐकलंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं. माझ्या मते माध्यम-परिणामांवरच्या अख्ख्या वाङ्मयातला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे.

एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांनी १९७४ मध्ये मांडलेलं मौनाचं चक्र हीच गोष्ट उलट्या दिशेने सांगतं. आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला की ते मत आणखी अल्पमतातलं दिसतं. त्या यासाठी एक प्रश्न वापरत: पाच तासांचा रेल्वेप्रवास आहे, समोरचा प्रवासी अमुक विषय काढतो, तुम्ही बोलाल का? पुढच्या अभ्यासांत हा परिणाम सापडला, पण लहान. कारण कळतं: माणूस अख्ख्या देशाला घाबरत नाही, आपल्या चार माणसांना घाबरतो.

ही चार माणसं आणि अख्खा देश कधी एकत्र येतात याचं उदाहरण बर्लिनचं. ९ नोव्हेंबर १९८९. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे ग्युंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेत परदेश-प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद वाचून दाखवतात. नियम दुसऱ्या दिवसापासून, रीतसर अर्ज घेऊन लागू व्हायचे होते. कुणीतरी विचारतं, कधीपासून? ते कागद चाळतात आणि सांगतात की माझ्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. रात्री आठला पश्चिम जर्मनीच्या बातम्यांत मथळा झळकतो की पूर्व जर्मनीने सीमा उघडली. पावणेअकराच्या सुमारास दुसऱ्या बातमीपत्राचा निवेदक सांगतो की भिंतीची दारं सताड उघडी आहेत. ती त्या क्षणी उघडी नव्हती. पण पूर्व बर्लिनमध्ये घरोघरी पश्चिमेचा टीव्ही पाहिला जाई, आणि हजारो माणसं नाक्यांकडे निघाली. बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्यावर रेटा इतका वाढला की साडेअकराच्या सुमारास तिथल्या अधिकाऱ्याने वरून स्पष्ट हुकूम नसताना फाटक उघडलं. बातमी चुकीची होती, लोकांनी ती खरी केली.

यावरून पश्चिमेच्या टीव्हीने राजवट पोखरली असं म्हणायचा मोह होतो. होल्गर कर्न आणि येन्स हाइनम्युलर यांनी २००९ मध्ये त्यावर पाणी ओतलं. पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या खोऱ्यात पश्चिमेचा सिग्नल पोचत नसे, लोक त्या भागाला चेष्टेने ‘अनभिज्ञांची दरी’ म्हणत. १९८८-८९ मधल्या सर्वेक्षणांत दिसतं की पश्चिमेचा टीव्ही पाहू शकणारे राजवटीवर तुलनेने जास्त समाधानी होते. देश सोडायला परवानगी मागणारे अर्ज टीव्ही न दिसणाऱ्या भागातून अधिक येत. संध्याकाळी मनोरंजन मिळालं की दिवसभराची घुसमट सुसह्य होते, हा त्याचा साधा अर्थ. म्हणजे तेच माध्यम, तोच प्रेक्षक: वर्षानुवर्षं त्याने राग शमवला आणि एका रात्री सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट कळवून रस्त्यावर आणलं. माध्यम चांगलं की वाईट, प्रबळ की दुबळं, असे प्रश्न मला निरर्थक वाटतात ते यामुळे.

माझं हे सूत्र जिथे अपुरं पडतं ती जागाही सांगायला हवी. सावकाश झिरपणारा परिणाम त्यात नीट बसत नाही. जॉर्ज गर्बनर यांनी कल्टिव्हेशनच्या सिद्धांतात म्हटलं की रोज चार-चार तास टीव्ही पाहणाऱ्याला जग असतं त्याहून जास्त हिंसक वाटू लागतं. आक्षेप लगेच आला. अँथनी डूब आणि ग्लेन मॅकडोनाल्ड यांनी १९७९ मध्ये टोरांटोत तपासलं तर ज्या भागांत गुन्हे खरोखरच जास्त होते तिथले लोक टीव्हीही जास्त पाहत होते. तो फरक वजा केल्यावर एकंदर संबंध उरला नाही, फक्त शहरातल्या जास्त गुन्ह्यांच्या भागात तो टिकला. गर्बनर यांनी त्याचंच नवं स्पष्टीकरण केलं, की पडद्यावरचं आणि दाराबाहेरचं जुळलं की परिणाम दुणावतो. मला ही पळवाट वाटते, पण ती वाट चुकीचीच आहे असं ठामपणे म्हणता येत नाही.

ब्राझीलचा पुरावा जास्त भक्कम आहे. तिथे १९७० मध्ये दर स्त्रीमागे जवळपास सहा मुलं होत, १९९१ मध्ये तीनहून थोडी कमी. सरकारचं लोकसंख्या-नियंत्रणाचं अधिकृत धोरण नव्हतं. एलियाना ला फेरारा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ग्लोबो वाहिनीचं प्रसारण कोणत्या भागात कधी पोचलं ते जनगणनेशी जोडून पाहिलं. ग्लोबोच्या मालिकांतल्या प्रमुख तरुण आणि मध्यमवयीन स्त्री-पात्रांपैकी ७२ टक्के पात्रांना मूलच नव्हतं आणि २१ टक्क्यांना एकच होतं. हा कुटुंबनियोजनाचा प्रचार नव्हता. लहान कुटुंब लेखकाला सांभाळायला सोपं जातं एवढंच कदाचित. पण वाहिनी पोचली त्या भागांत जन्मदर अधिक घसरला, गरीब घरांत आणि पात्रांच्याच वयाच्या स्त्रियांत जास्त. उपदेश न करणारी मालिका उपदेश करणाऱ्या मोहिमेपेक्षा जास्त काम करून जाते, हे आमच्यासारख्यांना पचायला जड जातं.

भारतातल्या केबल टीव्हीवर रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००९ मध्ये असाच निष्कर्ष काढला: केबल आलेल्या गावांत बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला. तो मला अर्धा पटतो. मुलांच्या संख्येसारखी मोजता येणारी गोष्ट वेगळी आणि सर्वेक्षकाला दिलेलं उत्तर वेगळं. टीव्ही पाहून माणूस सर्वांत आधी काय शिकतो, तर शहरातून आलेल्या माणसासमोर काय बोलायचं असतं ते. अर्थात तेही काही कमी नाही. जे उघड बोलायची लाज वाटू लागते, ते करायला पूर्वीइतकं सोपं राहत नाही.

आता मॅकलुहान पंथ. हॅरल्ड इनिस आणि मार्शल मॅकलुहान यांचा सूर असा की संदेशात काय आहे ते सोडा, माध्यमाचा आकारच समाज घडवतो. यातलं चांगलं ते इनिस यांच्याकडे जास्त आहे: दगडावर कोरलेलं टिकतं म्हणून परंपरा आणि पुरोहित बळकट होतात, कागदावरचं दूर जातं म्हणून साम्राज्यं आणि नोकरशाही. मॅकलुहान वाचायला मजा येते, तपासायला काही हाती लागत नाही. छपाईचंच घ्या. युरोपात गुटेनबर्गनंतर सत्तर-ऐंशी वर्षांत धर्मसत्ता हादरली, आणि १५०० पर्यंत छापखाना आलेली शहरं १५३० पर्यंत प्रोटेस्टंट होण्याची शक्यता जास्त होती, हे जॅरेड रुबिन यांनी आकड्यांनी दाखवलं आहे. पण कोरियात धातूच्या अक्षर-खिळ्यांनी छापलेलं बौद्ध पुस्तक १३७७ चं, गुटेनबर्गच्याही आधीचं, आणि तिथे तसली उलथापालथ झाली नाही. छापखाना कुणाच्या हातात आहे, छापलेलं विकायला बाजार आहे का, वाचणारा वर्ग आहे का, यावर सगळं अवलंबून. रेमंड विल्यम्स यांचा १९७४ चा आक्षेप हाच होता, आणि त्याला अजून कुणी चोख उत्तर दिलेलं मला तरी दिसलं नाही. समाज आधी की माध्यम आधी, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी इथेच देऊन टाकते: तंत्र शक्यता उघडतं, त्यातली कोणती वापरायची हे आधीपासून असलेली सत्ता आणि पैसा ठरवतात, आणि एकदा वापर रुळला की तो उलट सत्तेलाच आकार देऊ लागतो.

सत्ता आणि पैसा म्हटलं की एडवर्ड हर्मन आणि नोम चॉम्स्की यांची १९८८ ची मांडणी येते, की बातमी पाच गाळण्यांतून गाळून आपल्यापर्यंत येते: मालकी, जाहिराती, बातमीचे अधिकृत स्रोत, दबाव, आणि त्या काळातला कम्युनिस्टविरोध. कोणती बातमी का छापून येत नाही हे समजायला ती उत्तम आहे. छापून आलेल्या बातमीचं वाचक काय करतो, याबद्दल ती जवळजवळ काही सांगत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही. ती बाजू स्टुअर्ट हॉल यांची. एकच मजकूर कुणी जसाच्या तसा स्वीकारतो, कुणी वाटाघाट करून, कुणी विरोधात वाचतो. पुढे डेव्हिड मॉर्ली यांनी १९८० मध्ये खऱ्या प्रेक्षकांवर हे तपासलं तेव्हा कोण कसं वाचेल हे नुसत्या वर्गावरून सांगता आलं नाही. ‘प्रेक्षक हवा तो अर्थ काढतो’ हे हॉल यांच्या तोंडी घातलं जातं, पण त्यांनी तसं म्हटलेलं नाही. अर्थाला वाव आहे, पण मजकुराने आखलेल्या चौकटीत, असा त्यांचा रोख होता.

राहिला मोबाइलचा प्रश्न. जुने सिद्धांत बाद झाले असं मला वाटत नाही, उलट काहींना नवं बळ आलं. २ नोव्हेंबर २०१० च्या अमेरिकी निवडणुकीत फेसबुकने सहा कोटी दहा लाख वापरकर्त्यांवर प्रयोग केला. काहींना फक्त ‘आज मतदान’ एवढा संदेश दिसला, बहुतेकांना त्यासोबत मतदान केलं असं सांगणाऱ्या मित्रांचे फोटो दिसले, काहींना काहीच नाही. नुसत्या संदेशाचा परिणाम शून्याजवळ होता. मित्रांच्या फोटोंचा झाला. संशोधकांच्या अंदाजाने थेट सुमारे साठ हजार मतं वाढली आणि मित्रांकरवी आणखी दोन लाख ऐंशी हजार, तीही मुख्यतः जवळच्या मित्रांमुळे. त्याच्या सत्तर वर्षं आधी एरी काउंटीत हेच दिसलं होतं, फक्त तेव्हा ते एका कंपनीच्या हातातलं बटण नव्हतं.

कुणाला कोणती पोस्ट दाखवायची हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमने समाज दुभंगला, या दाव्याबाबत मी सावध आहे. अमेरिकेच्या २०२० च्या निवडणुकीच्या काळात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर काही वापरकर्त्यांचा फीड (समोर येणाऱ्या पोस्टची रांग) तीन महिने निव्वळ कालक्रमाने लावून पाहिला. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत राजकीय ध्रुवीकरण लक्षणीय बदललेलं नव्हतं. मात्र त्या काळात कंपनीने फीडमध्ये आणीबाणीचे काही तात्पुरते बदल केले होते, त्यामुळे तुलनेचा गटच नेहमीसारखा नव्हता, असा आक्षेप पुढे आला आणि तो गंभीर आहे. दुसरीकडे अमेरिकेतल्याच २०१८ च्या निवडणुकीआधी ज्यांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं त्यांचं बातम्यांचं ज्ञान घटलं, मतांतलं टोक थोडं बोथट झालं आणि मनःस्थिती किंचित सुधारली. शिवाय ही सगळी मोजणी एकेका माणसाची आहे. माझ्या एकटीच्या फीडमध्ये बदल केला तरी माझे मित्र, पुढारी, वर्तमानपत्रं जुन्याच फीडवर चालत असतील, तर समाजावरचा परिणाम त्यात पकडला जाणारच नाही.

म्हणून तुम्ही स्वतः एखादी मोहीम तपासणार असाल तर प्रश्नावलीत ‘तुम्हाला हे पटतं का’ याच्या शेजारी दुसरा प्रश्न घाला: तुमच्या ओळखीच्या दहा जणांपैकी किती जणांना हे पटत असेल? आणि तिसरा: तुम्ही तसं वागलात तर त्यातले किती जण नावं ठेवतील? मोहिमेआधी आणि नंतर दोन्ही वेळा विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा जिथल्या तिथे राहील आणि पैसे देणारे नाराज होतील. दुसऱ्या-तिसऱ्याचं हललं असेल तर घाई करू नका, दोनेक वर्षांनी त्याच लोकांकडे परत जाण्याची तरतूद आत्ताच अंदाजपत्रकात करून ठेवा.